देवाची क्षमा आणि बहिणीचं देणं

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. वडील गेल्यावर तुम्ही थोरल्या बहिणीला नीट काही न सांगता वाटा सोडल्याच्या कागदावर तिची सही घेतलीत. तिनं विश्वासानं केली. पुढं बरीच वर्षं गेली आणि आता तुमच्या मुलाला गंभीर आजार निघाला आहे. आई म्हणते, तुझं पाप पोराला भोवलं. तेव्हापासून तुम्ही धर्माधर्मांचं वाचत आहात. कुणी म्हणतं श्रद्धा ठेवली की क्षमा मिळते, कुणी म्हणतं केलेलं कर्म भोगूनच संपतं, कुणी म्हणतं मनापासून तौबा केली की पुरे. शेवटी तुम्ही विचारलं आहे, "यातलं खरं कोणतं? माझं पाप कुठं फिटेल? आणि देवच क्षमा करत असेल तर माणसाची जबाबदारी उरते कुठं?"

मी बरीच वर्षं तौलनिक धर्म शिकवते. वर्गाबाहेरही माणसं बोलायला येतात. त्यांतली फार थोडी तत्त्वज्ञान विचारायला येतात, बाकीच्यांच्या मनात तुमच्यासारखंच काहीतरी सलत असतं. त्या अनुभवावरून लिहिते आहे. मी कुठल्याही धर्माच्या वतीनं निर्णय देऊ शकत नाही, तो माझा अधिकार नाही.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मुलाचा आजार हे माझ्या पापाचं फळ आहे का? मला स्वतःला सुटका कशी मिळेल? आणि बहिणीचं काय? पहिल्या प्रश्नावर काही धर्मांत आतल्या आतच दोन आवाज आहेत. दुसऱ्यावर धर्मांचे एकमेकांशी खोल मतभेद आहेत. तिसऱ्यावर मात्र आश्चर्य वाटावं इतकं एकमत आहे. तुम्ही उत्तर शोधताय ते दुसऱ्या प्रश्नाच्या गर्दीत, आणि तुमचं खरं काम आहे तिसऱ्यात.

आधी मुलाचं, कारण बाकीचं थोडं थांबू शकतं.

आईनं हे मनचं सांगितलेलं नाही. बायबलमध्ये निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, दहा आज्ञांच्या ऐन मध्यावर, वडिलांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत करणारा देव आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला १७३ वा श्लोक सांगतो की अधर्माचं फळ करणाऱ्याला मिळालं नाही तर मुलांना मिळतं, मुलांना नाही तर नातवंडांना, पण ते वाया जात नाही. हे आहे, आणि ते लपवून तुम्हाला धीर देणं मला जमणार नाही.

पण त्याच मनुस्मृतीत, त्याच अध्यायात पुढं २४० वा श्लोक येतो. प्राणी एकटा जन्मतो, एकटा मरतो, पुण्य एकटा भोगतो आणि पापही एकटाच. बायबलमध्ये यहेज्केल संदेष्टा बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांशी बोलतो. त्यांच्या तोंडी एक म्हण बसलेली असते, आंबट द्राक्षं खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे. यहेज्केल अठराव्या अध्यायात ठणकावून सांगतो की ही म्हण यापुढं उच्चारायची नाही. जो पाप करील त्याचं पाप त्याच्या माथी, मुलगा बापाचा भार वाहणार नाही. कुराणात तर हे पाच ठिकाणी आलं आहे, कुणीही ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. लुटीवर जगणारे घरचे लोकसुद्धा पापात वाटा घ्यायला नकार देतात, आणि गोष्ट त्यांचं बरोबर आहे असंच सांगते.

हे दोन आवाज मी कसे जुळवते ते सांगते. पहिला आवाज कृत्य करण्याआधीच्या माणसासाठी आहे. थांब, याचे धक्के तुझ्यापाशी संपणार नाहीत, असा तो इशारा आहे. दुसरा आवाज कृत्य घडून गेल्यावर दोष कुणाचा हे ठरवतो. इशाऱ्याचं वाक्य उचलून निवाडा म्हणून एका आजारी पोराच्या अंगावर टाकणं, ही त्या दोन्ही ग्रंथांशी गैरवागणूक आहे. धक्के मात्र खरेच पोचतात. तुमच्या मुलाला आत्या असून नसल्यासारखी आहे, हे तुमच्या कृत्याचं फळ आहे. त्याचा आजार नाही.

आजाराबद्दल आणखी थोडं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाकडं बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानंही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. बायबलमधल्याच ईयोबाच्या ग्रंथात संकटांत सापडलेल्या निर्दोष ईयोबाचे मित्र त्याला सारखं पटवत राहतात की तू काहीतरी केलंच असशील, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. पाली संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळंच असतं का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बेताल राहणी, बाहेरचा आघात अशी कारणं ते मोजून दाखवतात आणि कर्मफल हे त्यांतलं एक कारण म्हणून शेवटी ठेवतात. शिवाय कर्माचा नेमका विपाक, म्हणजे फळ, हा विचार करून उलगडणाऱ्या गोष्टींत मोडत नाही, असंही त्यांनी अंगुत्तर निकायात सांगितलं आहे. कर्मसिद्धांत अगदी काटेकोर घेतला तरी मुलाच्या वाट्याला मुलाचं प्रारब्ध येतं, तुमचं नाही. आणि म्हणून "मग त्याचंच मागच्या जन्मीचं असेल" असं म्हणायचाही कुणाला हक्क पोचत नाही, कारण ते वाचता येणारं कुणी तुमच्या घरात नाही. डॉक्टर सांगतील ते उपचार पूर्ण करा. आणि मी बहिणीचं परत केलं की हा बरा होईल, असा करार मनातल्या मनात करू नका. त्यानं काय बिघडतं ते शेवटी लिहिते.

आता सुटकेचा प्रश्न. धर्म इथं वेगळे का बोलतात हे समजायचं तर माणसात मुळात काय बिघडलंय याबद्दल ते काय म्हणतात ते आधी पाहावं लागतं.

ख्रिस्ती परंपरेच्या पाश्चात्त्य शाखेत ऑगस्टीनचा, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या धर्मगुरूचा, ठसा फार खोल आहे. त्याच्या मते आदामापासूनच माणसाची इच्छाच वाकडी झाली आहे, त्यामुळं चांगलं निवडायलासुद्धा देवाची कृपा आधी लागते. त्याचा समकालीन पेलाजियस म्हणत होता की देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही दिली आहे, माणसानं सबबी सांगू नयेत. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलाजियसचं मत फेटाळलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेनं मात्र आदामाचा दोष आपल्याला वारशानं मिळतो असं कधी मानलं नाही. मिळतो तो मृत्यू आणि दुबळेपणा, दोष ज्याचा त्याचा. इस्लाममध्ये तर हा वारसाच नाही. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात आदमनं चूक केली, तौबेचे शब्द त्याला ईश्वरानंच शिकवले आणि त्याला क्षमा झाली, प्रकरण तिथं संपलं. यहुदी विचारात माणसाच्या अंगी दोन्ही ओढी असतात, चांगली आणि वाईट, आणि कुठलीही एक त्याला हतबल करत नाही.

भारतीय परंपरा हा प्रश्न दुसऱ्या टोकानं हाती घेतात. अर्जुन गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अगदी तुमच्या मनातलं विचारतो. इच्छा नसताना, कुणी बळेच ढकलावं तसा माणूस पाप का करतो? उत्तर येतं, काम आणि क्रोध. त्यांच्याही मागं अज्ञान आहे. अद्वैतात म्हणूनच पाप आणि पुण्य दोन्ही बंधनंच ठरतात, आणि सुटका ज्ञानानं होते. बौद्ध विचारात मुळं तीन, लोभ, द्वेष आणि मोह. जैन दर्शन कर्माला अक्षरशः सूक्ष्म द्रव्य मानतं. ते कषायांमुळं, म्हणजे क्रोध-लोभासारख्या विकारांमुळं, जिवाला चिकटतं, नवीन येणं थांबवायचं तो संवर आणि चिकटलेलं झडवायचं ती निर्जरा. शीख गुरूंनी मूळ ठेवलं ते "हउमै"वर, म्हणजे "मी, माझं" या गाठीवर. तुमच्या प्रकरणात मला हे निदान सगळ्यांत जवळचं वाटतं. सही घेताना तुम्हाला बहीण दिसतच नव्हती, फक्त तुमचा हिस्सा दिसत होता.

सुटका कोण करतो, यावर खरी फारकत होते. एका टोकाला जैन आणि थेरवादी बौद्ध. जैनांचं उत्तराध्ययन सूत्र म्हणतं, सुखदुःखांचा कर्ता आणि विकर्ता, म्हणजे ती मिटवणारा, आत्माच. तीर्थंकर वाट दाखवतात, कुणाचं कर्म उचलून घेत नाहीत. धम्मपदाच्या बाराव्या वर्गात आहे की पाप आपणच करतो, आपणच मळतो, आपणच शुद्ध होतो, दुसरा दुसऱ्याला शुद्ध करू शकत नाही. दुसऱ्या टोकाला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर. १५१७ मध्ये त्यानं पापमुक्तीच्या दाखल्यांच्या विक्रीवर हल्ला चढवला. पुढं त्याची भूमिका स्पष्ट झाली की माणूस देवापुढं नीतिमान ठरतो तो केवळ कृपेनं आणि केवळ विश्वासानं, स्वतःच्या कृत्यांनी नव्हे. त्याच टोकाला जपानमध्ये शिनरान, तेराव्या शतकातला. स्वबळावर निर्वाण मिळवणं आपल्यासारख्यांना अशक्य, अमिताभ बुद्धाच्या संकल्पावर भार टाकणं एवढंच हाती आहे, असं सांगणारा. बौद्ध परंपरेच्या पोटातच इतकं अंतर आहे, म्हणून "बौद्ध असं म्हणतात" हे वाक्य मी जरा जपून वापरते.

मधल्या जागेत फार मोठी वस्ती आहे. श्रीवैष्णवांमध्ये यावरूनच दोन पंथ पडले. एकाच्या मते भक्त माकडाच्या पिलासारखा असतो, आईनं नेलं तरी पोटाला त्यानं घट्ट धरावं लागतं. दुसऱ्याच्या मते मांजराच्या पिलासारखा, आई तोंडात धरून नेते, पिलानं काहीच करायचं नसतं. शिखांच्या जपुजी या प्रार्थनेत दोन्ही बाजू आहेत. आपणच पेरतो आणि आपणच खातो असंही म्हटलंय, आणि कर्मानं देहाचं वस्त्र मिळतं पण मोक्षाचं दार नदरेनं, कृपादृष्टीनं उघडतं असंही. इस्लामी परंपरेत कण एवढंही चांगलं किंवा वाईट दिसल्याशिवाय राहणार नाही हे कुराण सांगतं, आणि कुणीही केवळ स्वतःच्या कृत्यांवर स्वर्गात जात नाही, मीसुद्धा ईश्वराच्या दयेवाचून नाही, असं प्रेषितांचं वचन हदीसमध्ये आहे. गीतेत सहाव्या अध्यायात "उद्धरेदात्मनात्मानं", म्हणजे स्वतःच स्वतःला वर काढावं, असं आहे आणि अठराव्यात "अहं त्वा सर्वपापेभ्यो मोक्षयिष्यामि", मी तुला सगळ्या पापांतून सोडवीन. लोक मला विचारतात, यातलं नक्की कोणतं? मी सांगते, दोन्ही वाक्यं एकाच गुरूनं एकाच शिष्याला सांगितली आहेत, पण संभाषणाच्या वेगवेगळ्या वळणांवर. हातपाय गाळून बसलेल्याला पहिलं, आणि सगळं ऐकून-समजूनही धास्तावलेल्याला दुसरं.

कृपा आणि कृती यांच्यात कायमची लढाई आहे असंही नाही. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं ल्यूथरच्या मांडणीविरुद्ध ठराव केले. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी याच विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण कृपेनं मिळतं, आणि ते मिळालेल्या माणसाच्या हातून सत्कृत्यं घडतात, एवढ्यावर दोघांचं जमलं. सगळे वाद मिटले नाहीत, पण ज्यावरून युरोपात इतकं रक्त सांडलं त्या प्रश्नात मधली जागा निघाली.

तुमचा शेवटचा प्रश्न, देव क्षमा करतो तर जबाबदारी कुठं, हा क्षमा आणि कृपा मानणाऱ्या परंपरांना फार पूर्वीपासून विचारला गेला आहे. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल रोमकरांना लिहितो, कृपा वाढावी म्हणून आपण पाप करतच राहायचं का? आणि लगेच, मुळीच नाही. शिनराननं सुष्ट माणसाचाही उद्धार होतो तर दुष्टाचा का होणार नाही असं सांगितलं, तेव्हा काही अनुयायी मुद्दाम वाईट वागू लागले. त्यांना त्यानं बजावलं, औषध हाताशी आहे म्हणून कुणी विष पीत नाही. यहुदी मिश्ना ग्रंथात, जो इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झाला, याचं उत्तर सर्वांत कोरडं आहे. मी पाप करीन आणि मग पश्चात्ताप करीन असं जो म्हणतो, त्याला पश्चात्तापाची संधीच दिली जात नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षित राजा हाच मुद्दा प्रायश्चित्तांबद्दल काढतो. आज प्रायश्चित्त, उद्या पुन्हा तेच, हे हत्तीच्या आंघोळीसारखं नाही का? अंग धुऊन बाहेर आला की पुन्हा धूळ उडवून घेतो. म्हणजे क्षमा स्वस्त होण्याची भीती तुम्हाला एकट्याला वाटलेली नाही. या परंपरांनी तिच्याशी झुंज घेतली आहे.

जबाबदारी किती, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही लिहिलेल्यावरून मला सगळं कळत नाही. बुद्ध म्हणतात, चेतना, म्हणजे मनातला हेतू, हेच कर्म. हेतू नसेल तर कर्माचं वजन वेगळं. कॅथलिक शिकवणीत पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी लागतात, बाब गंभीर असणं, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती. इस्लाममध्ये झोपलेला, अजाण मूल आणि भान हरपलेला माणूस यांच्या नावावर काही लिहिलं जात नाही. जैन विचार इथं जास्त कडक आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडली आहे, म्हणजे निष्काळजीपणाही सुटत नाही. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं सांगतो आणि कर्ता त्यांतला फक्त एक. तेव्हा स्वतःला विचारा. त्या वेळी तुम्ही किती लहान होतात? कुणी दबाव आणला होता? बहिणीला कळत नाही हे तुम्हाला स्पष्ट दिसत होतं, की तुम्ही बघायचंच टाळलंत? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." या वाक्यात तुमचं उत्तर आहे असं मला वाटतं. पण ते तुम्हीच तपासा, माझ्याकडून निकाल मागू नका.

आणि आता बहीण.

इथवरचे सगळे मतभेद डोक्यात ठेवा आणि मग बघा. मिश्नात योमा प्रकरणात आहे की माणूस आणि देव यांच्यामधल्या अपराधांना योम किप्पूर हा यहुद्यांचा पवित्र दिवस प्रायश्चित्त ठरतो. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या अपराधांना, समोरच्याची समजूत काढेपर्यंत, तो दिवस लागूच होत नाही. इस्लाममध्ये तौबेच्या तीन अटी आहेत, ते कृत्य सोडणं, पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. पण दुसऱ्या माणसाचा हक्क बुडाला असेल तर चौथी अट येते, तो हक्क परत करणं. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसमध्ये प्रेषित विचारतात, दिवाळखोर कोण? आणि स्वतःच सांगतात, जो नमाज, रोजे, जकात घेऊन येईल पण ज्यानं कुणाला शिवी दिली, कुणावर आळ घेतला, कुणाचं धन खाल्लं. त्याची पुण्यं त्या माणसांना वाटून दिली जातील, आणि ती संपली की त्यांची पापं याच्या माथी येतील. ही हदीस मी वर्गात वाचते तेव्हा कुठल्याही धर्माचे विद्यार्थी असोत, सगळे गप्प होतात.

बायबलमध्ये गणनेच्या पाचव्या अध्यायात नियम आहे. केलेल्या पापाची कबुली द्यायची, ज्याचं बुडवलं त्याला पूर्ण रक्कम परत करायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय येशू घरी आल्यावर म्हणतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करीन, आणि तारण आज या घरी आलं असं येशू त्यानंतर म्हणतो. कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशनला पाप माफ होतं, पण झालेलं नुकसान भरून काढण्याचं बंधन उरतंच, चोरलेलं परत करावं लागतं. ज्या जैन परंपरेत क्षमा करणारा देवच नाही, तिथंही संवत्सरीला, म्हणजे क्षमायाचनेच्या वार्षिक दिवशी, माणसं एकमेकांसमोर उभी राहून क्षमा मागतात. आणि तुकोबांनी तर सगळं शास्त्र एका ओळीत आणलं, "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा." या ओळीत देव नाही आणि विधीही नाही, ज्याला दुखावलं तो माणूस आहे.

अंगुलिमालाची कथा तुम्हाला माहीत असेल. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा तो दरोडेखोर बुद्धांना भेटला आणि बदलला, इतका की अर्हत झाला. त्याची सुटका पूर्ण झाली, मज्झिम निकाय ते निःसंदिग्ध सांगतो. तरी भिक्षेला गेला की लोक त्याला दगड-काठ्या मारत. एकदा डोकं फुटून, भिक्षापात्र मोडून, फाटक्या वस्त्रांनिशी तो परत आला, तेव्हा बुद्ध म्हणाले, सहन कर. ज्याला मुक्ती मिळाली त्यालासुद्धा ज्यांची माणसं गेली त्यांच्या रागातून सूट मिळाली नाही, आणि बुद्धांनी ती मागितलीही नाही. मला ही कथा फार प्रामाणिक वाटते. मुक्ती आणि माणसांचं देणं या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे ती स्पष्ट दाखवते.

म्हणजे आतापर्यंतचं थोडक्यात असं. मुलाचा आजार तुमच्या पापाशी जोडायला धर्मग्रंथांचा भक्कम आधार नाही, उलट त्याविरुद्ध आहे. मोक्ष, तारण, निर्वाण यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांतली कोणती तुमची हे तुमच्या श्रद्धेवर आहे. पण बहिणीचं देणं यांतली कुठलीच परंपरा बहिणीला वगळून फेडू देत नाही. तुम्ही दुसऱ्या धर्मात गेलात तरी हे देणं तुमच्याबरोबर येईल.

प्रत्यक्षात काय करायचं तेही लिहिते, कारण इथंच लोक अडखळतात.

आधी हिशेब करा, भेट नंतर. तिचा वाटा किती होता, आज त्याचं मूल्य किती, तुम्ही काय परत करू शकता आणि किती काळात, हे वकिलाकडून नीट समजून घेऊन कागदावर मांडा. क्षमा मागायला रिकाम्या हातानं गेलात तर तिला वाटेल की तुम्हाला तुमचं मन हलकं करायचं आहे, तिचं काही द्यायचं नाही. सगळं एकदम देता येत नसेल तर तेही स्पष्ट सांगा. पण आकडा असू द्या.

भेटीत झालेल्या गोष्टीचं नाव घ्या. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर" हे वाक्य टाळा. चुकलं असेल तर नाही, चुकलं आहे, आणि काय चुकलं तेही तुम्हाला माहीत आहे. मनुस्मृतीत अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याची साधनं मोजली आहेत, त्यांत पहिलं आहे ते उघड सांगणं, पश्चात्ताप त्याच्यानंतर येतो. तिला ठाऊकच नसेल की तिची फसवणूक झाली, तर सांगितल्यानं तिला नवं दुःख होईल, आणि म्हणून गप्प राहावं असं तुम्हाला वाटेल. काही गुपितांच्या बाबतीत हा विचार योग्य असतो, जिथं सांगण्यानं फक्त सांगणाऱ्याचं ओझं उतरतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही येत नाही. इथं तसं नाही. इथं तिचं काहीतरी तुमच्याकडं आहे.

ती कदाचित क्षमा करणार नाही. बाराव्या शतकातल्या यहुदी धर्मपंडित मायमोनिडीझनं यावर फार व्यवहारी नियम सांगितला आहे. पहिल्यांदा नाकारली तर मित्रांना बरोबर घेऊन पुन्हा जा, मग पुन्हा, तीनदापर्यंत. त्यानंतर तिला तिच्या मनावर सोडा. आणि ज्याचं घेतलं तो हयात नसेल तर रक्कम वारसांना द्यायची असंही तोच सांगतो. तुमची बहीण हयात आहे, तेव्हा ही वेळ तुमच्यावर आलेली नाही. ती बोलली नाही, रागावली, दार लावून घेतलं, तरी परत करायचं ते परत करा. तिचा वाटा तिच्या क्षमेची किंमत म्हणून देऊ नका. तो तिचाच आहे, तिनं तुमच्याशी आयुष्यभर अबोला धरला तरीही.

आणि त्या भेटीत मुलाच्या आजाराचा विषय काढू नका, निदान पहिल्या भेटीत तरी. वर ज्या कराराबद्दल लिहिलं तो इथं आडवा येतो. आजारी भाच्याचं नाव निघालं की ती नाही म्हणूच शकणार नाही. तिनं होकार दिला तरी तो पोराच्या काळजीपोटी असेल, आणि सही घेतानाही तुम्ही तिच्या मायेचाच उपयोग करून घेतला होता. तिला रागवायला जागा द्या. आजाराचं तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं आणि तिनं स्वतःहून विचारलं, तर खरं सांगा, आणि तिला भेटायचं असेल तर मुलाला भेटू द्या.